मुक्कामाच्या रात्री सीपॅपऐवजी माउथपीस चालेल का?

प्रश्न: मॅडम, माझे मिस्टर ४८ वर्षांचे आहेत, एसटीवर ड्रायव्हर आहेत. घोरणं लग्नापासूनचंच, पण दोन वर्षांपासून झोपेत श्वास अडकतो आणि मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज होऊन सुरू होतो. झोपेची तपासणी केली. एएचआय, म्हणजे तासाला श्वास अडकण्याचा आकडा, ३४ आला, रक्तातला ऑक्सिजन ७८ टक्क्यांपर्यंत खाली गेला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन घेतलं. घरी असले की लावतात, पण दोन तासांत झोपेतच मास्क ओढून काढतात. शिवाय आठवड्यातून तीन रात्री मुक्कामी गाडी असते. तिथे गाडीतच झोपायचं, प्लगची सोय नाही. त्यांच्या मित्राने सांगितलं की दातांवर बसवायचं माउथपीस मिळतं, त्याने मशीनची गरजच उरत नाही. ऑनलाइन बाराशे रुपयांचं एक बघितलं, गरम पाण्यात बुडवून चावायचं असतं. ते मागवू का? ते तंबाखू खातात, हेही सांगून ठेवते. मागच्या आठवड्यात दुपारच्या फेरीला क्षणभर त्यांचा डोळा लागला, कंडक्टरने हाक मारली म्हणून बरं. हे त्यांनी मला चार दिवसांनी सांगितलं.
– एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

तुम्ही जे सगळ्यात शेवटी लिहिलंत, ते मी सगळ्यात आधी घेते. स्टिअरिंगवर डोळा लागला. माउथपीस की मशीन हा प्रश्न त्याच्यानंतरचा. दिवसाची पेंग आटोक्यात येईपर्यंत त्यांनी गाडी चालवू नये. हे लिहिताना मला जड जातंय, कारण हा तुमच्या घराच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण त्या गाडीत त्यांच्यासकट चाळीस-पन्नास माणसं बसलेली असतात. ज्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी केली त्यांच्याकडे जाऊन हा प्रसंग आहे तसा सांगा, त्यांचं पत्र घ्या आणि काही आठवड्यांपुरतं दुसरं काम मागा. उपचार नीट लागू पडला की पेंग ओसरायला बहुतेकांना फार दिवस लागत नाहीत. पुन्हा कधी गाडीवर बसायचं ते मात्र डॉक्टरांनीच ठरवू द्या. चार दिवस ते बोलले नाहीत ते नोकरीच्या भीतीने बोलले नसणार. रागावू नका त्यांना. शेवटी सांगितलं, ही मोठी गोष्ट आहे.

आता तुमचा प्रश्न. बाराशे रुपयांचं मागवू नका. दंतवैद्याने माप घेऊन बनवलेलं माउथपीस मात्र खरोखरचा उपचार आहे आणि तुमच्या मिस्टरांना त्याचा उपयोग होण्याची शक्यता आहे. मी स्वतः दंतवैद्य आहे, अशी माउथपीस बनवते, तेव्हा त्याची बाजू घेऊन बोलणं मला सोपं आहे. तरीही ३४ हा आकडा आणि ड्रायव्हरचं काम, या दोन गोष्टी बघता मी त्यांना मशीन सोडा असं सांगणार नाही. घरी मशीन, आणि जिथे मशीन लावताच येत नाही अशा रात्रींसाठी माउथपीस, असा विचार करा. तोही माउथपीस तोंडात ठेवून झोपेची तपासणी पुन्हा झाल्यावरच.

ते काम कसं करतं हे बसल्या जागी बघता येतं. खुर्चीत बसून मुद्दाम घोरल्याचा आवाज काढा. आता खालचा जबडा पुढे काढा, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतील इतका, आणि पुन्हा तसाच आवाज काढायला जा. बहुतेकांना तो काढता येत नाही, किंवा फार जोर लावावा लागतो. जीभ खालच्या जबड्याला आतून जोडलेली असते. जबडा पुढे आला की जिभेचं मूळही पुढे ओढलं जातं आणि घशातली हवेची वाट मोकळी होते. झोपेत स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे कलंडतो आणि ही वाट बुजते, हाच तो स्लीप ॲप्निया. सीपॅप त्या वाटेत हवेचा दाब ठेवून ती आतून उघडी धरतं. माउथपीस जबड्यालाच पुढे अडकवून ठेवतं. ही कल्पना मशीनपेक्षा जुनी आहे. पिएर रोबँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लहान जबड्याच्या मुलांसाठी असं साधन वापरलं होतं. सीपॅप आलं ते १९८१ मध्ये, सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी ते वापरून दाखवलं तेव्हा.

एएचआय म्हणजे झोपेच्या दर तासाला किती वेळा श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा फार उथळ झाला, तो आकडा. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. सौम्य आणि मध्यम प्रकारात, किंवा मशीन सहनच होत नाही अशा माणसाला माउथपीस देणं ही आता जगभर मान्य झालेली पद्धत आहे. तीव्र प्रकारात मशीनचा पल्ला मोठा, यात शंका नाही.

पण मशीनचा पल्ला मशीन तोंडावर असेपर्यंतच. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. मध्यम आणि तीव्र आजाराच्या त्याच माणसांना एक महिना सीपॅप आणि एक महिना माउथपीस देऊन बघितलं. सीपॅपवर एएचआय सरासरी ४.५ पर्यंत उतरला, माउथपीसवर ११.१ पर्यंतच. म्हणजे मशीन सरळ सरस. पण मशीन लोकांनी रात्री सरासरी ५.२ तास वापरलं, माउथपीस ६.५ तास, आणि महिन्याच्या शेवटी रक्तदाबात दोन्हींत फरक दिसला नाही.

हा हिशेब तुमच्या घरापुरता मांडून बघू. सात तासांची झोप धरा. पहिले दोन तास मास्क, पुढचे पाच तास काहीच नाही: ३४ गुणिले ५, म्हणजे १७० वेळा श्वास अडकला. माउथपीसने आकडा समजा अर्ध्यावर आला आणि ते सातही तास तोंडात राहिलं: १७ गुणिले ७, म्हणजे ११९. मशीन सातही तास चाललं आणि आकडा ४ वर आला: २८. हा ढोबळ हिशेब आहे. खरी रात्र इतकी सरळ नसते, उलट तुमच्या बाबतीत ती याहून वाईट असण्याची शक्यता आहे. स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते, त्या झोपेत स्नायू सगळ्यात सैल असतात, श्वास जास्त वेळ अडकतो आणि ऑक्सिजन जास्त खाली जातो. तुमचे मिस्टर मास्क काढतात साधारण बारा-एकला, आणि वाईट वेळ सुरू होते त्यानंतर. मुक्कामी गाडी तर पहाटेच सुटते.

म्हणून माउथपीसचं माप द्यायला जाण्याआधी मशीनच्या डॉक्टरांकडे एकदा परत जा. दोन तासांनी मास्क ओढून काढणं हा हट्ट नसतो, बहुतेक वेळा काहीतरी खुपत असतं. नाक चोंदतं, तोंड उघडून हवा निसटते, मास्क एक माप मोठा किंवा लहान असतो, दाब एकदम जोराने येतो. मशीनच्या आत सगळी नोंद असते: किती तास लावलं, किती हवा गळली, मशीन लावूनही किती वेळा श्वास अडकला. ती नोंद काढून बघा म्हणावं. पूर्ण नाक झाकणाऱ्या मास्कऐवजी फक्त नाकपुड्यांना टेकणारा मास्क, हवेत ओलावा देणारी टाकी, दाब हळूहळू वाढवणारी सेटिंग, आणि दिवसा टीव्ही बघताना अर्धा तास मास्क घालून बसायची सवय, एवढ्यावर माझ्या ओळखीतली बरीच माणसं मशीनवर टिकली. मुक्कामासाठी लहान प्रवासी मशीन आणि त्यांचे वेगळे बॅटरीपॅकही मिळतात. ओलाव्याची टाकी बंद ठेवली तर बॅटरी जास्त वेळ पुरते. गाडीच्या बॅटरीला स्वतःच्या हाताने वायर जोडायला मात्र जाऊ नका.

हे सगळं करून झालं आणि तरी मुक्कामाच्या रात्री रिकाम्याच राहिल्या, तर माउथपीस. इथे मला आधी त्यांचं तोंड बघावं लागेल. आरशासमोर उभं करून त्यांच्याच हाताची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, उभी एकावर एक धरून दातांमध्ये घालायला सांगा. सहज मावली तर ठीक. दोनच मावली तर माउथपीस बाजूला ठेवा आणि आधी तोंडाची तपासणी करून घ्या. तुम्ही तंबाखू लिहिलंत. नुसती तंबाखू की मावा, गुटखाही? सुपारीने गालाच्या आतली त्वचा पांढरी, कडक होत जाते, हात लावला तर दोरखंडासारखे पट्टे लागतात, तिखट झोंबतं आणि तोंड उघडणं कमी होत जातं. त्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. अशा तोंडात मापाचा ट्रेच जात नाही, गेला तरी जबडा पुढे सरकत नाही. आपल्या भागात स्लीप ॲप्नियासाठी म्हणून आलेल्या माणसात हे दुखणं पहिल्यांदा सापडलं, असं माझ्याकडे एकाहून जास्त वेळा झालंय. त्यामुळे बोटांचा हा प्रयोग आज संध्याकाळीच करा, झोपेच्या आजाराशी त्याचा संबंध असो वा नसो.

तोंड नीट उघडलं तर दात. माउथपीस सगळा जोर दातांवर टाकतं. वरच्या आणि खालच्या जबड्यात प्रत्येकी निदान आठ-दहा पक्के दात लागतात. तंबाखूने हिरड्या उतरल्या असतील, दात हलत असतील, तर आधी हिरड्यांचा उपचार, नाहीतर माउथपीस तेच दात आणखी सरकवेल. जबड्याच्या सांध्यात, कानाच्या पुढे, तोंड उघडताना दुखत असेल तर तेही सांगा. आणि जबडा स्वतःहून पुढे काढता यायला हवा, साधारण पाच मिलिमीटर तरी.

बाराशेच्या माउथपीसला माझा विरोध इथेच आहे. गरम पाण्यात मऊ करून चावलेल्या त्या प्लास्टिकला यातलं काहीच ठाऊक नसतं. दातांवर ते घट्ट बसत नाही, रात्रीत निसटतं, आणि जबडा किती पुढे धरायचा ते ठरवता येत नाही. आम्ही बनवतो ते दोन भागांत असतं, वरच्या दातांचा एक साचा, खालच्या दातांचा एक, आणि दोन्हींना जोडणारी बारीक स्क्रूची व्यवस्था. दातांचं माप किंवा स्कॅन घेतो, मग जबडा पुढे धरून चावा नोंदवतो. सुरुवात जबडा जितका पुढे जाऊ शकतो त्याच्या साधारण निम्म्यावर किंवा थोडं जास्त. मग काही आठवडे घरीच एक लहान किल्ली फिरवून पाव-पाव, अर्धा-अर्धा मिलिमीटर पुढे न्यायचं. घोरणं कमी होतंय का, सकाळी डोकं जड आहे का, दुपारी पेंग येते का, हे वहीत लिहायचं. ती वही तुम्ही ठेवा, ते ठेवणार नाहीत.

पहिले काही दिवस लाळ फार सुटते किंवा तोंड कोरडं पडतं, गालाचे स्नायू दुखतात. सकाळी साचा काढला की खालचा जबडा थोडा पुढेच राहतो. भाकरीचा तुकडा चावायला गेलं की दाढा एकमेकींना टेकतच नाहीत, पुढचे दात आधी लागतात. घाबरायचं नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. त्यासाठी रोज सकाळी जबडा मागे बसवायचा व्यायाम शिकवतात, काहींना चावायला एक छोटी पट्टी देतात. आणि हे आधीच सांगून ठेवते: वर्षानुवर्षं वापरल्यावर दातांचा चावा थोडा बदलतो, पुढचे दात मिलिमीटरभर सरकतात. बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, पण दर सहा महिन्यांनी-वर्षाने दाखवत राहावं लागतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र निवडलं तिच्याकडे येते. माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एक शिक्षक आले होते, आकडा तिशीच्या आसपास. मशीन नको म्हणाले. मी माउथपीस बनवलं. तीन आठवड्यांत घोरणं बंद. त्यांच्या बायको पेढे घेऊन आल्या, बावीस वर्षांनी शांत झोप लागली म्हणाल्या. पुन्हा तपासणी करा असं मी म्हटलं खरं, पण आग्रह धरला नाही. घोरणं थांबलं होतं, पेढे आले होते, मलाही बरं वाटत होतं. वर्षभराने रक्तदाबाची गोळी वाढवूनही दाब उतरेना म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी माउथपीससह तपासणी करायला लावली. आकडा २२. आवाज गेला होता, श्वास अजूनही अडकत होता. बाईंना वाटत होतं नवरा शांत झोपलाय, आणि शेजारच्या उशीवर तासाला बावीस वेळा त्याचा श्वास अडकत होता. तो रिपोर्ट मी आजही जपून ठेवलाय.

घोरणं म्हणजे अरुंद वाटेतून जाणाऱ्या हवेने थरथरणाऱ्या मऊ भागाचा आवाज. वाट थोडी रुंद झाली की आवाज जातो, पण अधूनमधून ती पूर्ण बंद होणं राहू शकतं. आणि माउथपीस सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. काहींचा आकडा पाचाच्या खाली येतो, काहींचा अर्ध्यावर अडकतो, काहींना ढिम्म फरक पडत नाही. तोंड बघून आधी खात्रीने सांगता येईल असा माणूस मला अजून भेटलेला नाही. तरुण, कमी वजनाच्या, बारीक मानेच्या, आणि उताणं झोपल्यावरच त्रास होणाऱ्या माणसात शक्यता जास्त, एवढंच. म्हणून तुमच्या कानांवर विसंबू नका. स्क्रू नीट जागेवर आला की माउथपीस तोंडात ठेवून एक रात्र तपासणी. घरी लावायच्या यंत्रावर केली तरी चालेल, डॉक्टर सांगतील. तो आकडा आणि ऑक्सिजन समाधानकारक असेल तरच मुक्कामाच्या रात्री त्याच्यावर सोडायच्या. नसेल, तर मुक्कामी ड्युटी बदलून घेण्यासाठी तोच रिपोर्ट उपयोगी पडेल.

मशीन लावून काम भागत असेल तर घरच्या चार रात्री मशीनच. दाब फार लागतो म्हणून मास्क सहन होत नसेल, तर काही जणांना माउथपीस आणि मशीन दोन्ही एकत्र देतात, मग कमी दाबावर भागतं. हे डॉक्टरांना विचारून बघा.

वजनाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण थोडं जास्त असेल तर: अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात १० टक्के वजन उतरलेल्यांचा एएचआय साधारण २६ टक्क्यांनी कमी झालेला आढळला. हॉटेलच्या भज्या आणि अवेळी जेवण या नोकरीत हे किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे. ड्युटीवरून आल्यावर थकवा घालवायला एखादा पेग घेत असतील, तर तो झोपेआधी नकोच. दारूने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. झोपेच्या गोळ्याही स्वतःहून नकोत. शंख फुंकण्याबद्दल हल्ली बरेच वाचक विचारतात. जयपूरच्या डॉक्टरांनी ३० रुग्णांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये आला, त्यात शंख फुंकणाऱ्यांची पेंग कमी झाली आणि एएचआय तासाला चार-पाचाने उतरला. देवघरात शंख असेल तर जरूर फुंकावा. पण ३४ मधून पाच गेले तरी २९ उरतात.

माउथपीससाठी सांगली-कोल्हापूर भागातल्या डेंटल कॉलेजच्या प्रॉस्थोडॉन्टिक्स विभागात, म्हणजे कृत्रिम दात आणि कवळ्या बनवतात त्या विभागात, चौकशी करा, तिथे खर्च सहसा कमी येतो. जाताना झोपेच्या तपासणीचा पूर्ण रिपोर्ट न्या. जो दंतवैद्य रिपोर्ट न बघता माप घ्यायला बसेल, त्याच्याकडून उठून या.

तुम्ही मला रिपोर्टचं पहिलंच पान पाठवलं आहे. आतल्या पानांवर उताणं झोपल्यावरचा आकडा आणि कुशीवर झोपल्यावरचा आकडा वेगवेगळा दिलेला असतो, आणि श्वास अडकण्याचे किती प्रसंग मेंदूकडून सूचनाच न आल्याने झाले तेही लिहिलेलं असतं. त्यांना सेंट्रल म्हणतात, आणि तिथे माउथपीसचा काहीच उपयोग नसतो. उताण्याचा आकडा कुशीपेक्षा बराच जास्त असेल तर माउथपीसला वाव आहे असं मी समजेन. ती पानं आणि तीन बोटांचं उत्तर, दोन्ही कळवा.